मापाआधी झिरो

आप्पासो मिठारी. टर्नर. वय अठ्ठावन्न.
राजारामपुरीतल्या या अंधाऱ्या खोलीत
उजवा हात पाठीमागे,
खिशातलं पाकीट काढता काढता थांबल्यासारखा.
जेल गार लागेल, मी सांगते.
"लागू दे. कूलंटमध्येच जन्म गेला."

पडद्यावर आधी कातडी, मग चरबी,
मग स्नायूचा जाड थर,
आणि त्याखाली हाडावर टेकलेली कंडरा,
पाखराच्या चोचीसारखी निमुळती,
आत बारीक, समांतर, उजळ रेघा.
चोचीच्या टोकाशी काळं.

मी घाई करत नाही.
लहर तिरकी पडली तर
धडधाकट तंतूही काळोख दाखवतात.
प्रोब केसभर कलवते.
अर्धं काळं उजळून येतं.
उरलेलं काळंच राहतं,
आडवं धरा, उभं धरा.

ते मान वळवून बघत असतात.
"मायक्रोमीटरचं बी आसंच, म्याडम.
माप घ्यायच्या आदी झिरो बघायचा.
न्हाईतर चांगला जॉब भंगारात."
मग हळूच, "किती हाय?"
अकरा मिलिमीटर.
"अकरा!"
उद्यमनगरात चाळीस वर्षं
मायक्रॉनसाठी भांडलेला माणूस
अकरा हा आकडा
पुन्हा एकदा तोंडात घोळवतो.
"दरीच की ओ ही."

ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी तोच खांदा.
हाडात रुतलेले अँकर,
टाक्यांचे चमकते धागे.
कंडरा जागेवर बसली आहे,
पण रेघा तशा नाहीत.
पंचगंगेचं पाणी उतरल्यावर
पुन्हा उभा राहिलेला ऊस,
जगलेला, ओळ सोडलेला.
रिपोर्टात "जोड अखंड" असं लिहिता येतं.
या विस्कटीला रकाना नाही.

"जोड दिसतोय?"
दिसतोय.
"म्हंजी वेल्डिंग. मूळ माल न्हवं."
मूळ माल नव्हे.
"चालंल का पण?"

एवढं बारीक दाखवणारं यंत्र
इथं गप्प बसतं.
हात वर करा बघू, मी म्हणते.
छातीपर्यंत सरळ,
खांद्याच्या वर जरा अडखळतो,
ओठ आवळले जातात,
मग पोचतो
भिंतीवर पंख्याच्या बटणापाशी.
पंखा एकवर आणून
ते तसेच उभे राहतात, हात वरच.
"मगापासनं गार लागत हुतं."