फणी

चैत्र लागला की भोट्या उसवायला लागतो.
आधी मांड्यांच्या मागं, मग मानेखाली.
पिंजलेल्या कापसाचे पुंजके लोंबवत
वडगावच्या गल्लीभर असा हिंडतो
जसा कुणाची तरी गादी फाडून आलाय.

पुतण्या भरमू पलटणीत. सिक्कीमहून रजेवर येताना
पिशवीत घालून हे पाच आठवड्यांचं आणलं होतं.
"काका, दोन महिने सांभाळ फक्त."
त्या दोन महिन्यांना आता सात वर्षं झाली.

"मशीन मार की सगळीकडनं," यल्लाप्पा न्हावी म्हणतो,
"एवढ्या उन्हात काय करूलास त्याचं हाल?"
मी मान हलवतो.
सव्वीस वर्षं माग चालवलाय,
ताणा कुठला, बाणा कुठला, हे बोटांना कळतं.
वरचा केस राठ, लांब. तो ऊन अडवतो, पाणी निथळवतो.
आतला कापूस थंडीचा. जायचा तो तोच.
मळगलींच्या पांढऱ्या कुत्र्याला मशीन मारली होती;
तीन उन्हाळे झाले,
अजून ते उंदरानं कुरतडलेल्या कानटोपीसारखं दिसतं.

म्हणून फणी.
मागावरच्या फणीतनं सूत जातं, तसा
हात ढिला, दात कातडीला टेकून, पण रुतून नाही.
एक हातानं केस वर धरायचे,
खाली गुलाबी रेघ दिसली की तिथनं सुरू,
बोटभर, मग पुन्हा बोटभर.
ओढायचं नाही. गुंता आला तर थांबायचं,
खोबरेल लावून बोटानंच सोडवायचा.
काखेत एक गोखरू सापडलं,
कानामागं गोचीड, तुरीच्या दाण्याएवढी.

नीलव्वा उंबऱ्यावर गुडघे चोळत बसलेली.
तिचं माहेर बैलहोंगल, त्यामुळे कौतुक कानडीतनं:
"बा इल्ली, राजा, इन्नू स्वल्प, इन्नू स्वल्प."
माझ्या शिव्या मराठीत.
'बैठ' आणि 'रुक' तेवढं भरमूचं, हिंदी.
शेपटीकडे गेलो की तो तिन्ही भाषांत बहिरा होतो
आणि पोटावर हात गेला की
तिन्ही भाषांत लोळतो.

मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.
यानं बर्फ पाहिलाय तो डोळे नीट उघडायच्या आधी, पाहिला असला तर.
तरी दिवाळी झाली की अंगात मुकाट कापूस भरायला घेतो,
कुणीतरी पत्र टाकून कळवल्यासारखा:
थंडी पडणार आहे, मोठी पडणार आहे.
पडते ती आपली बेळगावची. एक स्वेटर, सकाळी नऊपर्यंत.
मग चैत्रात तो सगळा साठा परत द्यायचा,
न वापरलेला.
सात वर्षं.
एकदाही त्याला कुणी सांगितलं नाही की पत्ता बदललाय.
सांगायचं तरी कुठल्या भाषेत?

तिसऱ्या दिवशी सिमेंटचं पोतं भरलं.
कुत्रा होता तेवढाच.
नीलव्वानं अर्धं पोतं परसात उधळलं;
सकाळी दोन बुलबुल आले, चोची भरभरून नेलं,
मिशा लावलेल्या फौजदारासारखे उडाले शेवग्यावर.
अर्धं तिनं ठेवून दिलंय, कशाला ते सांगत नाही.
बहुतेक गुडघ्याखालच्या उशीला.

माझ्या अंगावरचं मात्र कुठं जाणार?
अंघोळ करून, सदरा झटकून गेलो तरी
ढगे सावकार मागाशी ओरडलेच:
"जांभळ्या साडीत हे पांढरं काय आलंय?"
बघितलं. एकच केस. मऊ, वळणाचा,
काठापासून दोन बोटं आत, बाण्याबरोबर पक्का बसलेला.
ओढला असता तर सूत तुटलं असतं.
"दिसत नाही," म्हटलं, आणि घडी घातली.

आता ती साडी हुबळीला जाईल, नाहीतर इचलकरंजीला.
भर वैशाखातल्या लग्नात कुणा बाईला
दोन बोटं जागेवर उगाच ऊब लागेल.
तक्रार आली तर येऊ दे.

भोट्या दारात आडवा झालाय, हलका.
शेपूट एकदा आपटली,
आणि झाडलेल्या अंगणात
आणखी एक पुंजका.