अर्थिंगचा खड्डा

इराबत्ती वायरमन म्हणाला,
"मीटरपाशी तिसरी वायरच नाही, वहिनी.
गाडी कशाच्या जिवावर लावता चार्जिंगला?"

मग विडी घरकुलात, जिन्याखाली
आठ फूट मुरूम फोडला.
कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी.

मागाच्या शेडमध्ये बारा वर्षं
ओल्या हातांना मुंग्या यायच्या.
आम्ही म्हणायचो, चालायचंच.

आता महिन्यातून एकदा
डब्यातलं टेस्टचं बटण दाबते:
खट्.
अंधार. पोरं ओरडतात.
मला बरं वाटतं.

एप्रिल. नळ पाचव्या दिवशी.
पिंप, हंडे, कळशी भरून झाल्यावर
एक बादली खड्ड्यात ओतते.
नागमणी गॅलरीतून विचारते,
"काय लावलीस गं तिथं?"

काही नाही.
वर काही येऊ नये
म्हणून पाणी घालते.