बर्गे

सीपीआरच्या खिडकीकडच्या खाटेवर
मी तीन दिवस नुसता वाहतोय.
बत्तीस वर्षं बंधाऱ्यावर काढली
आणि माझेच बर्गे कुणी रात्रीत उपसून नेले.

डॉक्टर देवणीकर, माझ्या धाकटीएवढी पोरगी,
सलाईनचे थेंब मोजत म्हणाली,
मगदूम काका, आतड्याला स्वतःच्या नसा असतात,
भिंतीच्या थराथरात विणलेलं जाळं.
दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी आत येतं,
प्यालेलं, जेवणातलं, लाळेचं, पित्ताचं.
त्यातलं रक्ताला किती, पुढं किती,
हे बरंचसं तिथल्या तिथं ठरतं.
डोक्याला विचारायला कोण जातंय.

म्हटलं, म्हणजे राधानगरीचे दरवाजे.
ती लातूरकडची, तिला काय माहीत.
तलाव काठोकाठ भरला की आपोआप उघडतात,
ना वीज, ना माणूस, ना साहेबांची सही.
पाणी उतरलं की आपापले मिटतात.

मग हे जंतूचं विष काय करतं?
दार फोडत नाही, म्हणाली,
नसांना खोटा निरोप देतं:
सोडा, सोडा.
नस इमानी. ती सोडत राहते.

ते ऐकलं आणि झोप गेली.

एका मार्चात मलाही फोन आला होता,
वरून पाणी येतंय, बर्गे काढा.
आवाज साहेबांसारखाच.
आम्ही चौघांनी बॅटरीच्या उजेडात एकेक फळी ओढली,
हाताची सालं गेली.
वरून काहीच आलं नाही.
सकाळी बावड्याची पोरं
नदीच्या तळातले मासे हातानं धरत होती.
फोन कुणाचा, ते चौकशीत निघालं नाही.
माझ्या सर्व्हिस बुकात मात्र आहे.

पहाटे तिनं ग्लास पुढं केला. मीठ, साखर.
ही वाट विषाला बंद करता येत नाही, म्हणाली,
साखरेचा हात धरून मीठ आत जातं
आणि मिठामागून पाणी.
घोट घोट घ्या. घाई नको.

घाई कसली. मी पाणी अडवणारा माणूस.
चमचा, थांबणं, चमचा.
पोटात कुठंतरी, मला न विचारता,
कुणीतरी पहिली फळी खाचेत बसवत होतं.

दुपारी तीनला लघवी झाली,
वाटीभर, गडद.
लोखंडे सिस्टरनं वहीत लिहिलं
मी पातळी लिहायचो तसंच:
वेळ, माप, सही.