खिडकीतला सा

“तुमचा पूरिया काळी चारच्या
जरा वर का लागलाय?” मी विचारलं.

केळुसकरबाईंनी खजुराची बी
बशीच्या कडेला ठेवली.

“तानपुऱ्याचा भोपळा विमानात फुटला.
गुदैबियातली खोली, ऑगस्ट.
एसी बंद केला तर जीव जाणार.
मग त्याच्याच घरघरीला म्हटलं, चल, तू सा.
तबलाही त्यालाच मिळवला.
दीड तास हलला नाही हो बिचारा!”

मी गप्प.
तीन रात्री जागून
ती घरघरच तर पुसून आणली होती.

तरी ऐकवलं.
बाईंनी डोळे मिटले, मांडीवरचा हात
काहीतरी चाचपत राहिला.
“गळा माझाच आहे,” म्हणाल्या,
“पण उभी कशावर आहे मी?”

मग भिंतीवरच्या नव्या एसीकडे बघत,
“आणि हा तर
बोलतसुद्धा नाही.”