परदेशी अधिकारी क्रमांक दोन

वकील रात्री नऊला स्क्रीनवर उगवतात,
त्यांच्या हातात तेव्हा सकाळची कॉफी असते.
माझ्या हातात वाळूजच्या कारखान्यातली
सोळा वर्षांची व्हाउचरं,
तिरपी स्कॅन केलेली.
एकावर चहाच्या कपाचं वर्तुळ,
तेही पुराव्यात आलेलं.
पानामागे एकशे ऐंशी रुपये.
मराठीचं इंग्रजी करायचं,
आपलं मत घालायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात अडलं.
‘चहापाणी, रु. चाळीस हजार.’
किती माणसं होती चहाला, त्यांनी विचारलं.
‘फाइलवर वजन.’
किलोमध्ये का?
मी खाली टीप लिहिली:
इकडे वजन ठेवलं की कागद हलतो.
टीप परत आली.

सगळी व्हाउचरं अंबादास वाकळेंच्या हातची,
स्टोअरकीपर, मूळचे गंगापूरकडचे.
खोटं लिहितानाही त्यांचा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही.
चौकशी लागली त्या दिवशीच त्यांना काढलं.
बजाजनगरात आता झेरॉक्सचं दुकान आहे त्यांचं,
दोन रुपयांचीसुद्धा पावती देतात,
नको म्हटलं तरी.

त्या लोकांच्या देशात कायदा आहे:
परक्या मुलखातल्या सरकारी माणसाला
धंद्यासाठी काही देऊ नये.
चांगला कायदा आहे. तीनदा वाचला मी.
देणाऱ्याला धरतो.
घेणाऱ्याचं त्यात नावही येत नाही,
नावाच्या जागी काळी पट्टी
आणि पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत
परदेशी अधिकारी क्रमांक एक, दोन, पाच.

परदेशी!
मी एकटीच हसले खुर्चीत.
बॉयलर तपासायला येणारा माणूस,
जन्म पैठणचा, नोकरी जालना, बीड, परत इथे,
पासपोर्ट कधी काढला नाही,
लांबात लांब गेला तो तिरुपतीला,
तिथेही इडलीला कंटाळून
चौथ्या दिवशी भाकरी शोधत फिरला.

हे मला कसं माहीत, ते कोणी विचारलं नाही.

मग व्हाउचर तेराशे बारा.
‘साहेबांच्या मुलीचे लग्न.
चांदीची समई, नग एक.
वजन सहाशे चाळीस ग्रॅम.’
या वेळी वजन खरंच ग्रॅममध्ये होतं.
अकरा मे, सिडकोतलं मंगल कार्यालय,
जनरेटर दोनदा बंद पडलेला.
शालू मानेला टोचत होता मला,
आणि कोणीतरी लाल कागदातलं जड काहीतरी
आईच्या हातात देऊन न जेवताच निघून गेलं.
वाकळेच असावेत.

समईला इंग्रजीत एक शब्द मिळेना.
लिहिलं: उभा दिवा, चांदीचा, पाच वातींचा.
उलट प्रश्न आला: उपयोग काय?
लिहिलं: संध्याकाळी लावतात.

बाहेर बाबा पाणी भरतायत.
नळ आठव्या दिवशी आलाय, तोही रात्री साडेदहाला.
पाइप दोन्ही हातांनी धरून उभे आहेत टाकीपाशी,
थेंब सांडला तर बोटाने ओढून बादलीत घेतात.
गरिबाकडून कधी घेतलं नाही,
असं ते अजून सांगतात,
आणि ते खरंही आहे.
‘काय वाचायलीस एवढं?’
‘कंपनीचे कागद.’
‘कोणती कंपनी?’
मी सांगितलं.
बराच वेळ नुसतं पाणी पडत राहिलं.

शेवटच्या पानावर एक फॉर्म आहे.
वरीलपैकी कोणाशी आपलं नातं आहे का?
दोन चौकोन.
मी पट्टीवर बोट ठेवून बघितलं,
काचेखाली काहीच लागत नाही हाताला.
स्क्रीनवर त्यांची कॉफी संपत आली.
देवघरात पाचातल्या तीन वाती अजून जळतायत.

‘भरली गं,’ बाबा म्हणाले,
‘मोटार बंद कर.’
मी उठले नाही लगेच.