अळणी

अवेइरूच्या मिठागरात चाळीस वर्षं
मीठ ओढलं कुश्तोदियुनं.
आता डॉक्टरीण म्हणते, चिमूटभरही नको.

सोमवार, बुधवार, शुक्रवार
तो माझ्या शेजारच्या खुर्चीत.
डाव्या हातात दोन सुया,
पायांखाली इल्दा सिस्टरनं बसवलेलं पॅडल.
वीस मिनिटं, ती सांगते.
चौदाव्याला तो शिवी हासडतो
आणि मारत राहतो.

घरी ग्रासियेत बटाटे चिरून रात्रभर भिजत घालते,
ते पाणी ओतून नव्या पाण्यात उकडते.
वर लसूण, मूठभर कोथिंबीर.
"चव लागते का रे?"
"बटाट्याची लागते," म्हणाला, "पहिल्यांदाच."

ऑगस्टात बर्फाचा एकच खडा
जिभेवर ठेवतो.
तो विरेपर्यंत बोलत नाही.

खाल्ल्या मिठाला जागणारे पुष्कळ पाहिले.
हा न खाल्लेल्या मिठाला जागतोय.

काल काट्यावर दीडच किलो जास्त.
आकड्याकडे त्यानं असं पाहिलं,
जसं दिवस मावळताना
आपण रचलेल्या ढिगाकडे बघावं.

संध्याकाळी दोघं बांधावरून चालतात,
तिसऱ्या वाफ्यापर्यंत.
परवा दुसऱ्यालाच दम लागला होता.
खाडीवरून वारा सुटला
की ओठांवर येतंच थोडं.
तो ते चाटत नाही.
पुसतही नाही.