ङ

आमच्या वर्गात आकडे असे मोजतात:
यात, यी, साम, सेई,
आणि पाचव्याला तोंड न उघडता
नाकातून एक हुंकार.

आजोबांनी तो वहीत उतरवला
तेव्हा हात अडला असणार.
चौथीपर्यंतची शाळा, पुढचं सगळं खाडीत.
मग आठवलं असेल क ख ग घ च्या शेवटी
बसून राहिलेलं ते अक्षर,
ज्याने एक शब्द सुरू होत नाही,
जे पोरं घोकतात आणि सोडून देतात.
पाचव्या आकड्याला पाचवं अक्षर.
ङ.

वही मच्छीमार सोसायटीची.
पुढून बर्फाच्या लाद्यांचा हिशेब,
उलटी धरली की वाघ, बगळा, कोपर, टाच.

मास्तर माझगावच्या गोदीतले सुतार.
चेंदणीच्या बंदरावर खोली का घेतली, माहीत नाही.
होड्यांच्या फळ्या बसवायचे, आजोबा खिळे धरायचे.
सात महिने नुसते खिळे.
मग एका संध्याकाळी म्हणाले, उभा राहा,
घोड्यावर बसल्यासारखा, घोडा नसताना.
उदबत्ती विझली तरी आजोबा उभेच.
मास्तरांना नवल वाटलं नाही म्हणे.
ओहोटीच्या चिखलात मांड्या रोवून
निवट्या धरणाऱ्याला घोडा काय शिकवायचा!

बासष्टच्या थंडीत व्हॅन आली.
आजोबा जाळ्यावर होते.
परतले तर खोलीला कुलूप,
ओट्यावर रंधा, त्याच्या पात्यात
अजून एक भुसा, गुंडाळलेला.

भिंतीवर आता तीन चौकटी आहेत.
मोरेश्वर नाखवा, माझे बाबा.
गोमाजी नाखवा, त्यांचे बाबा.
सगळ्यात वर फोटो नाही, तो रंधा.
खाली आजोबांच्या अक्षरात: आबाक मास्तर.
रोज सकाळी साडेपाचला
डाव्या पंजात उजवी मूठ घेऊन
सव्वीस पोरं रंध्यापुढे वाकतात.

हौसाआत्या भिंतीवर नाही.
ती बोंबील साफ करता करता उंबऱ्यातून ओरडायची,
खांदा, मोरू, खांदा पाड!
बगळा तिचा होता.
बाबांना तिने दिला,
बाबांनी मला दिला, आजोबांचा म्हणून.
मला हे तिच्या तेराव्याला कळलं.

मागच्या डिसेंबरात एक बाई आल्या, टोरांटोहून.
लिलियन लियाँग. सत्तरीच्या, गुडघ्याला पट्टा,
जिना चढताना चपला हातात.
पाटी वाचता येईना, मी वाचून दाखवली.
त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
हे नाव नाही, म्हणाल्या, जुन्या माझगावच्या हिंदीत.
आबाक म्हणजे थोरले काका.
गल्लीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला म्हणतात.

म्हणजे साठ वर्षं आम्ही उदबत्ती लावली
ती एका हाकेला.

त्या शोधत होत्या ते हेच आबाक का,
त्यांनाही सांगता येईना.
माझगावात आबाक पुष्कळ होते, म्हणाल्या.
छावणीतून आलेले मोजके.
रंधा हातात घेतला, दांडा चाचपला,
हाताला काही ओळखीचं लागलं का ते मी विचारलं नाही.

पाटी बदलू का, एवढंच विचारलं.
उत्तर यायच्या आत पोरं मोजायला लागली.
यात, यी, साम, सेई,
आणि पाचव्याला भिंतीला टेकलेल्या त्या बाईंचे ओठ मिटलेलेच,
आवाज मात्र आला.
आजी मोमो मोजायची, म्हणाल्या, असंच, पिठाच्या हातांनी.

पण तुमचा चुकतोय.
तुम्ही वरून खाली आपटता.
हा खालून वर यायला हवा,
विहिरीतून घागर ओढल्यासारखा.
एवढंच त्यांना येत होतं.
त्यांनी तेवढं शिकवलं,
एकेका पोरासमोर उभं राहून, सव्वीस वेळा,
आणि रिक्षा खाली हॉर्न देत राहिली.

पाटी तशीच आहे.
वहीत ङ शेजारी मी एक बाण काढलाय,
खालून वर जाणारा,
पेन्सिलीने.